शंभरपर्यंत म्हणता येतं, पण चार चमचे देता येतात का?

लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर सगळ्या मजल्यांची बटणं वाचून काढणारं, पायऱ्या मोजल्याशिवाय जिना न चढणारं, पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून ताटाच्या कडेला मांडणारं मूल घरात असलं की दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी अबॅकसचा क्लास सुचवतं, आणि पाहुणे आले की 'बाळा, शंभरपर्यंत म्हणून दाखव' सुरू होतं. पहिल्याची घाई नाही. दुसरं तर बंदच करावं. म्हणून दाखवायचं ठरलं की मूल भराभर म्हणायला शिकतं, आणि मोजताना नेमका तोच वेग नडतो.

खालचं सगळं साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सामान घरातलंच. वेळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटं. मूल उठून गेलं की खेळ संपला, मागून हाका मारायच्या नाहीत.

आधी मूल कुठे आहे ते बघा

एक ते शंभर घडाघडा म्हणणं हे 'शुभं करोति' म्हणण्यासारखं आहे. पाठ झालेलं असतं, अर्थ नंतर कधीतरी कळतो. मोजताना मात्र मुलाला एकाच वेळी बरंच सांभाळावं लागतं. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच हवा, एका वस्तूला एकच आकडा हवा, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण, हे उमगायला हवं. शिवाय वस्तू कुठल्याही असोत आणि सुरुवात कुठूनही करा, उत्तर बदलत नाही, हेही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याची ही पाच तत्त्वं मांडली. मूल कुठे अडलंय ते शोधायला आजही तीच उपयोगी पडतात.

दहा चिंचोके आणि एक ताटली घ्या. पाच चिंचोके ओळीत मांडा आणि विचारा, 'किती आहेत?' मूल बोट ठेवत पाचपर्यंत मोजेल. लगेच पुढचा प्रश्न: 'मग किती झाले?' सरळ 'पाच' आलं तर उत्तम. पुन्हा 'एक, दोन...' सुरू झालं, तर 'किती' या शब्दाला मूल 'मोजायला लाग' असं समजतंय. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे अजून बसलेलं नाही.

आता दहाही चिंचोके ताटलीत टाका आणि हात पुढे करा: 'मला चार दे.' सगळ्यात जास्त कळतं ते इथे. शंभरपर्यंत म्हणणारी कितीतरी मुलं इथे मूठभर चिंचोके हातावर ठेवतात आणि खूश होऊन बघतात. अडीच-तीन वर्षांचं मूल 'एक दे' म्हटल्यावर एकच देतं. दोन मागा, पाच मागा, मूठच मिळते. काही महिन्यांनी 'दोन' पक्कं होतं, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. तीन-चारपर्यंत पोचल्यावर, बहुधा साडेतीन ते चार वर्षांच्या आसपास, एकदम उजेड पडतो आणि मग सहा मागा, आठ मागा, मोजून मिळतात.

म्हणजे मुलाचं 'दोन' पक्कं असेल तर पुढचे काही आठवडे काम 'तीन'वर करायचं, तीसवर नाही. तीन चमचे आण, तीन लिंबं दे, तीन चपला सरळ लाव. तोंडाने ते शंभरपर्यंत म्हणतंय तर म्हणू द्या. ते गाणं आहे, त्याला अडवायचं काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र शिकवायला जाऊ नका. सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा, मग एक ओळ पसरून लांब करा. 'कुठे जास्त?' म्हटलं की पाच वर्षांचं हुशार मूलही लांब ओळीकडे बोट दाखवतं. समजावून उपयोग होत नाही. सहा-सात वर्षांच्या सुमारास हे आपसूक सुटतं.

बोट पुढे, तोंड मागे

मोजताना होणाऱ्या बहुतेक चुका हाताच्या असतात. मराठीत तर त्यांची एक ठरलेली जागाही आहे. एकपासून दहापर्यंत म्हणून बघा: एक, दोन, तीन, चार, पाच हे सगळे एका दमात उच्चारले जातात, 'स-हा'ला मात्र जीभ दोनदा हलते. 'न-ऊ' आणि 'द-हा'चंही तसंच. तालावर मोजणारं मूल नेमकं सहाला दोन वस्तूंवर बोट ठेवतं, आणि आठ वस्तू सात भरतात. चूक सहाला किंवा नऊला होत असेल तर कारण बहुधा हेच.

उपाय सोपा आहे. बोट लावून मोजायचं नाही, वस्तू उचलून मोजायची. डावीकडे चिंचोक्यांची ताटली, उजवीकडे रिकामी. एक उचलायचा, पलीकडे ठेवायचा, ठेवताना टक्क आवाज झाला की आकडा म्हणायचा. स्टीलची ताटली किंवा डबा घेतला तर आवाज छान येतो आणि मूल त्या आवाजासाठी आपोआप थांबतं. हे जमलं की कानाने मोजायचा खेळ घ्या: तुम्ही पाठमोरे बसून डब्यात चिंचोके टाका, मुलाने नुसतं ऐकून किती ते सांगायचं. तीनपासून सुरुवात करा आणि दोन टाकण्यांमध्ये सेकंदभर थांबा.

गोलात मांडलेल्या वस्तू मोजताना मूल थांबतच नाही, कारण सुरुवात कुठून केली ते त्याच्या लक्षात राहत नाही. अशा वेळी सुरुवातीच्या वस्तूवर टोपण किंवा वाटी उपडी ठेवा. ढीग असेल तर आधी ओळ करायला सांगा. मोजण्याआधी मांडायचं असतं, ही मोठ्यांना सवयीने येणारी युक्ती मुलांना कुणीच सांगत नाही.

बोटांवर मोजू द्या. 'आता मोठा झालास, बोटं नको' हे सहा वर्षांआधी बोलूच नये. आजी जप करताना अंगठ्याने पेरं मोजते, एका हाताच्या चार बोटांवर बारा. मुलं ते टक लावून बघतात आणि तसंच करायला जातात. करू द्या, पण पाच आणि दहाची घडी बसायला अख्खी बोटंच बरी, पेरांची बारा नंतर.

सामान, आणि ते गिळलं जाऊ नये म्हणून

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, मग ते मोजणारं नसून त्याचं धाकटं भावंड असलं तरी, चिंचोके, मणी, वाटाणे, नाणी जमिनीवर मांडायची नाहीत. साधारण सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू घशात अडकू शकते. वाटाणा किंवा चिंचोका नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. अशा घरात कपड्यांचे चिमटे, चमचे, वाट्या, लिंबं, बटाटे घ्या, मोजणं तेच.

आकडेवेड्या मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्यांना कॅल्क्युलेटर, रिमोट, डिजिटल घड्याळ, स्वयंपाकघरातला छोटा काटा हे सगळं हवं असतं, आणि यांतल्या बऱ्याच वस्तूंत चपटा गोल बटण-सेल असतो. तो गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत भाजल्यासारखी जखम होते. सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसतं का ते बघूनच वस्तू हातात द्या. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, 'शी'तून पडेल म्हणून वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

बाकी सामान असं:

शंभर चिंचोके, धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलेले. ओले राहिले तर बुरशी येते, न धुता ठेवले तर भुंगे लागतात. त्यांतले दहा खरबरीत फरशीवर एका बाजूने घासून पांढरे करून ठेवा. ते खेळाला लागतील.

दहाची चौकट. अंड्यांचा तीसचा ट्रे पाच बाय सहाचा असतो. दोन-दोन रांगा कापल्या की पाचाच्या दोन रांगांच्या तीन चौकटी मिळतात. ट्रे कोरा घ्या, अंडी ठेवलेला नको. नाहीतर पुठ्ठ्यावर आखा, एक घर पाच सेंटीमीटरचं. चौकटीत सात चिंचोके ठेवले की वरची रांग भरलेली आणि खाली दोन, हे मुलाला न मोजता दिसतं. नुसत्या नजरेने आपल्याला तीन-चारपर्यंतच संख्या कळते. त्यापुढे अशी मांडणी हवीच.

शंभर मण्यांची माळ. एक सेंटीमीटरचे मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर. मण्यांची लांबी मीटरभर होते, म्हणून दोरी सव्वा मीटर घ्या. वीतभर ढील नसेल तर मणी सरकत नाहीत. फार ढील ठेवली तर माळ लोंबते आणि कुठवर मोजलं ते दिसत नाही. सोबत कपड्यांचा एक चिमटा.

आकड्यांच्या पट्ट्या. १० ते ९० दशकांच्या नऊ पट्ट्या, प्रत्येकी दहा सेंटीमीटर रुंद. १ ते ९ एककांच्या नऊ, पाच सेंटीमीटर रुंद. उंची सगळ्यांची सात. २० वरच्या शून्यावर ७ ची पट्टी ठेवली की २७ होतात. मापं चुकली तर शून्य अर्धवट डोकावतं आणि सगळी गंमत जाते, म्हणून पट्टीने आखून कापा.

सत्तावीस, नववीस, एकोणशंभर

मराठीत शंभरपर्यंत मोजायला शिकणं खरंच कठीण आहे, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही. अकरा ते अठरामध्ये 'दहा' कुठे ऐकूच येत नाही. पुढे एकक आधी आणि दशक नंतर: सत्तावीसमध्ये सात आधी, वीस मागून. ऐकल्याबरहुकूम लिहिणारं मूल ७२ लिहितं. सत्तर म्हटल्यावर सत्तरएक होत नाही, एकाहत्तर होतं. पन्नासचं एक्कावन्न, साठचं एकसष्ट, नव्वदचं एक्क्याण्णव. शेहेचाळीस, शहात्तर आणि शहाऐंशीत सहा शोधायला मोठ्यांनाही क्षणभर लागतो.

याच कारणाने २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली. त्या वेळी गणित विषय समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. वाद विधानसभेपर्यंत गेला, विनोदही पुष्कळ झाले. घरात मुलाला शिकवणाऱ्याने त्या भांडणात पडायचं कारण नाही. दोन्ही म्हणा, या क्रमाने: २० ची पट्टी ठेवताना 'वीस', त्यावर ७ ठेवताना 'सात', आणि दोन्ही जुळल्यावर 'सत्तावीस'. 'वीस सात'मुळे लिहिणं सोपं होतं. 'सत्तावीस' आलं नाही तर भाजीवाल्याचं आणि आजोबांचं बोलणं कळणार नाही.

शिकवण्याचा क्रम पुस्तकातल्यासारखा सरळ ठेवू नका. दहापर्यंत, मग वीसपर्यंत. त्यानंतर एकवीसकडे न वळता सगळी दशकं: दहा, वीस, तीस, चाळीस... शंभर. लपाछपीत राज्य घेणारा भिंतीकडे तोंड करून हेच म्हणतो, त्यामुळे निम्मी मुलं हे आधीच ऐकून असतात. दशकं पाठ असली की मधले आकडे टांगायला खुंट्या मिळतात. मग एकवीस ते अठ्ठेचाळीस, आणि पन्नाशीपुढचे आकडे सगळ्यात शेवटी. ते सवयीनेच येतात, घाईने नाही.

आता अठ्ठावीसनंतर काय होतं ते नीट बघा. मूल थबकतं आणि म्हणतं 'नववीस'. ही चूक हुशारीची आहे: मुलाला नियम सापडलाय, भाषा मात्र तो तोडून बसली आहे. कारण पुढचा आकडा मागून येत नाही, पुढून येतो. एकोणतीस म्हणजे एक ऊन तीस, तीसला एक कमी. हे तोंडी समजावून चालत नाही, माळेवर दाखवावं लागतं. मुलाला तीस मणी मोजू द्या: लाल दहा, पांढरे दहा, लाल दहा. तीसनंतर चिमटा लावा. 'हे तीस.' मग चिमटा काढून शेवटचा एक मणी पलीकडे सरकवा, चिमटा पुन्हा लावा. 'एक काढला. एकोण-तीस.' हेच चाळीसवर करा, पन्नासवर करा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मूल तुमच्या आधी बोलतं.

असे एकोणवाले आकडे आठ आहेत, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत. नियम बसलेलं मूल नव्याण्णवच्या जागी ठणकावून 'एकोणशंभर' म्हणतं. हसू आलं तरी हसू नका. 'बरोबर आहे, शंभरला एक कमी. पण आपण त्याला नव्याण्णव म्हणतो,' एवढंच सांगा. नियमाप्रमाणे मुलाचंच बरोबर आहे.

एकोणतीस सांगितल्यावर ३९ लिहिणंही याच घरातलं: शेवटी तीस ऐकलं म्हणून तीन, नऊ तर असतातच. पुन्हा माळेवर जा आणि विचारा, 'तीसच्या अलीकडे की पलीकडे?'

इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशातल्या मुलांना इंग्रजी आकडे आधी येतात आणि मराठी वीसनंतर थांबतात. एका खेळात एकच भाषा, एवढा नियम पुरतो. सकाळी जिना मराठीत चढायचा, संध्याकाळी इंग्रजीत उतरायचा. एका मोजणीत दोन्ही मिसळल्या की 'अठ्ठावीस, ट्वेंटी नाइन, तीस' होतं आणि नेमका अडणारा आकडा कायम चुकवला जातो.

खेळ

घासलेले पाच चिंचोके ओंजळीत खुळखुळवून जमिनीवर टाका. पांढरे किती, काळे किती? तीन आणि दोन. पुन्हा टाका: चार आणि एक. पाच टाकण्यांनंतर मुलाला पांढरे तीन दिसले की काळे न बघताच 'दोन' येतं. पाच पक्के झाले की सात घ्या, मग दहा. पुढे बेरीज-वजाबाकीला लागणारी सगळी जोडगोळी इथेच होते. टाकल्यावर एखादा चिंचोका उभा राहिला किंवा कपाटाखाली गेला तर डाव रद्द, असं आधीच ठरवा. नाहीतर भांडण तिथे होतं.

पटाचे खेळ आवडत असतील तर सापशिडी पाच वर्षांनंतर. तिच्या पटावर आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे आणि पुढच्या ओळीत उलटे जातात, आणि लहान मूल वळणावर हरवतं. आधी सरळ पट करा: अर्ध्या मीटरच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच-पाच सेंटीमीटरची दहा घरं, १ ते १०. फासा नको, नाणं उडवा. छापा पडला तर एक घर, काटा पडला तर दोन. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असाच साधा पट होता. दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं खेळलेल्या बालवाडीतल्या मुलांची संख्यांची समज वाढली, आणि ती नऊ आठवड्यांनीही टिकून होती. आकड्यांऐवजी रंगांच्या पटावर खेळलेल्यांची तशी वाढली नाही.

पटावर सगळी मुलं एक चूक करतात. सोंगटी चारवर आहे, दोन पडले. मूल चारच्या घरावरच 'एक' म्हणतं आणि पाचवर थांबतं. 'घर मोजायचं नाही, उडी मोजायची' हे सांगून बघा. त्याहून चांगलं म्हणजे 'एक, दोन' न म्हणता ज्या घरात पोचलो त्याचा आकडा म्हणायचा: 'पाच, सहा.' जमत नसेल तर गॅलरीत खडूने ० ते १० ची घरं आखा, प्रत्येकी पंचवीस सेंटीमीटरची. पावणेतीन मीटरमध्ये मावतात. स्वतः उडी मारणाऱ्या मुलाला उभ्या जागेवर 'एक' म्हणता येत नाही, पाय हललेलेच नसतात.

उलटं मोजायला जिना उत्तम. चढताना सुलटे, उतरताना उलटे. वीसपासून उलटं येऊ लागलं की वजाबाकीची भीती पुढे वाटत नाही.

घरातल्या कामात

मोजण्याला कारण असलं की ते टिकतं. जेवायला किती माणसं, तितक्या वाट्या. एक वाटी कमी पडली तर आपण उठून आणायची नाही; 'कुणाला नाही मिळाली? अजून किती हव्यात?' एवढं विचारून थांबा.

गणपतीत एकवीस मोदक ताटात मांडायचं काम मुलाकडे द्या. दहा, दहा आणि वर एक. मोदक पुन्हा पुन्हा हाताळले तर कळ्या मोडतात, म्हणून आधी एकवीस चिंचोके मांडून सराव करा. दूर्वांची जुडीही एकवीसचीच.

ठिपक्यांची रांगोळी हा तर खजिना आहे आणि तो फारसा कुणी उघडत नाही. 'पाच ते तीन' म्हणजे मधली ओळ पाच ठिपक्यांची, दोन्हीकडे चार आणि मग तीन, प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. तीन, चार, पाच, चार, तीन: एकूण एकोणीस. 'सात ते चार' घातली तर सदतीस. मुलाने ठिपके घालावेत, रेषा मोठ्यांनी ओढाव्यात. कुठे ठिपका चुकला तर फूल जुळत नाही, त्यामुळे चूक दाखवायची वेळच येत नाही. ठिपक्यांचा कागद वापरत असाल तर भोकं मोजून घ्या. रांगोळीची पूड बारीक दगडाची असते, फुंकर मारू देऊ नका.

हा आकडा कशाचा?

चार वर्षांचं मूल विचारतं, 'पंचवीस नंबरची बस म्हणजे पंचवीस बस?' प्रश्न योग्य आहे. काही आकडे मोजून आलेले असतात, काही रांगेतली जागा सांगतात आणि काही नुसतं नाव असतात. हे असंच सांगा: 'ते तिचं नाव आहे.' गाडीच्या पाटीवरचं एमएच-१२ म्हणजे पुण्याची, १४ पिंपरी-चिंचवडची, १५ नाशिकची, ०९ कोल्हापूरची, ३१ नागपूरची. अशी यादी आकडेवेडं मूल दोन दिवसांत पाठ करतं आणि मग प्रवासात तासभर शांतता मिळते.

नव्या नोटेवर तोच आकडा इंग्रजीत आणि देवनागरीत असतो; दोन्ही शोधायला लावा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. वरून मोजत आठव्या ओळीत मराठी, सहाव्या ओळीत कोंकणी. पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक शिकायला याहून सोयीचा कागद नाही.

सगळ्यात मोठा आकडा कोणता?

या प्रश्नाला 'खूप मोठा' हे उत्तर देऊन मुलाला परत पाठवू नका. शंभर, हजार, लाख, कोटी इथपर्यंत सगळ्यांना येतं. त्यापुढची नावं भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहेत, साल ११५०: कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. दर नावाला एक शून्य वाढतं. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. अंगणात खडूने एक लिहा आणि मुलाला सतरा शून्यं मोजून काढू द्या; एवढ्यात हात दुखतो आणि आकडा मोठा म्हणजे काय ते कळतं. मग मूल हमखास म्हणतं, 'परार्ध आणि एक!' त्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं, आणि ते बरंच आहे.

शून्य लवकर द्या. ताटलीतले तीन लाडू एकेक करून खाल्ले, 'आता किती?' 'संपले.' 'संपले म्हणजे शून्य.' मुलं याला हरकत घेत नाहीत.

पाढे गाण्यासारखे आवडत असतील तर 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणू द्या, सोबत चपलांचे जोड मोजू द्या. तीनच्या पुढच्या पाढ्यांचं पहिलीआधी काही काम नाही.

लिहिणं

पाच वर्षांआधी पेन्सिलीचा हट्ट नको. ताटात अर्धा सेंटीमीटर रवा पसरा आणि बोटाने काढू द्या. ३ आणि ६ आरशातल्यासारखे आहेत, म्हणून ते एकाच आठवड्यात शिकवू नका. १ आणि ९ चंही तेच. दोन्ही लिप्या एकदम चालू असतील तर मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, हा घोळ महिनोन् महिने चालतो. उलटे काढलेले आकडे सहा-सात वर्षांपर्यंत सगळ्यांचेच दिसतात.

कधी दाखवून घ्यावं

आकड्यांचं वेड हा आजार नाही आणि अलौकिक बुद्धीचा दाखलाही नाही. मात्र हाक मारल्यावर मूल बघत नसेल, हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नसेल, भातुकलीसारखा खोटा-खोटा खेळ खेळत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, किंवा आकडे सोडून कशातच रमत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे याच शब्दांत सांगा. 'वेगाने वाचतो, मोजतो' एवढंच सांगितलं तर बाकीचं झाकलं जातं. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये होते.

आवरताना

चिंचोके डब्यात भरायचं काम मुलाचं, आणि तेही मोजून: दहा-दहाचे ढीग, दहा ढीग, मग डबा. नऊ ढीग आणि आठ भरले तर आधी धाकट्याच्या मुठी उघडून बघा, मग पलंगाखाली.